डोळ्यांचा दवाखाना कोणाचा? पाथरीच्या वाचकांसाठी धर्मादाय नेत्रसेवेची माहिती

पाथरीत किंवा तालुक्यातल्या एखाद्या गावात घरातल्या बुजुर्गांना दिसेनासं झालं की सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं परभणीला सिव्हिलला दाखवा, कोणी म्हणतं शिबिराची वाट बघा, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "जालन्याला गणपतीत घेऊन जा." गणपतीत म्हणजे देवळात नव्हे, तर जालन्याच्या देऊळगाव राजा रस्त्यावरच्या श्री गणपती नेत्रालयात. ट्रस्टचा हा डोळ्यांचा दवाखाना मराठवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातूनही तिथे पेशंट येतात. आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या नानीला हे नाव घेताना काही अडखळल्यासारखं होत नाही. तिच्या लेखी 'गणपती' म्हणजे जिथे डोळा उघडतो ती जागा.

नाव एका धर्माचं आणि पेशंट सगळ्या धर्मांचे, असे डोळ्यांचे दवाखाने महाराष्ट्रात आणि बाहेर बरेच आहेत. ते कसे चालतात, पैसा कुठून येतो, पाथरीच्या माणसाला त्यांचा उपयोग कसा करून घेता येईल, आणि आपल्या जमातीचा त्यात वाटा काय असू शकतो, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत. शेवटचा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्यांच्या दानावर आपले डोळे उघडत असतील, तर आपल्या दानाचा दरवाजा किती उघडा आहे, हेही बघायला हवं.

आधी आकडे. देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाची राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं. त्यातल्या ६६.२ टक्के लोकांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू होतं, म्हणजे एका छोट्या ऑपरेशनने जाणारं अंधत्व. पुरुषांत हे प्रमाण १.६७ टक्के आणि बायकांत २.३१ टक्के होतं. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यात ३.२३ टक्के, तर दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांत ०.४३ टक्के. आता यात हिंदू किती, मुसलमान किती असा हिशेब करायची गरज नाही. अंधत्व गरिबी, निरक्षरता आणि बाईपण यांच्या मागे मागे जातं, आणि पाथरीत या तिन्ही गोष्टी कोणत्या मोहल्ल्यात आणि कोणत्या वस्तीत जास्त आहेत हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पाथरी तशी जुनी, मिसळलेली बस्ती. अहमदनगरची निजामशाही स्थापन करणाऱ्या अहमद निजामशहाचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असं फरिश्ता नावाचा इतिहासकार लिहितो, आणि याच गावासाठी निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात लढाया झाल्या. अलीकडे, जानेवारी २०२०मध्ये, साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादाने पाथरीचं नाव सगळीकडे गेलं आणि शिर्डी बंद झाली. ज्या फकिराला हिंदू आणि मुसलमान दोघेही आपला मानतात त्याच्या गावावरून भांडण व्हावं, हा काळाचा महिमा. असो. आपला विषय डोळे आहे.

मोतीबिंदूला आपल्या दखनीत "आंख में पानी उतर आया" म्हणतात. युनानी हकीम त्याला नुजूल-उल-मा म्हणत, अर्थ तोच, पाणी उतरणं. जुन्या काळी समज असा होता की डोक्यातून एक द्रव उतरतो आणि बाहुलीमागे साचतो. युरोपातल्या 'कॅटरॅक्ट' या शब्दामागेही अरबीतली हीच पाणी उतरण्याची कल्पना आहे असं मानलं जातं. प्रत्यक्षात पाणीबिणी काही उतरत नाही. डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग वयाने गढूळ होतं, इतकंच.

हे ज्ञान कोणत्या एका कौमचं नव्हतं. भारतात सुश्रुताच्या ग्रंथात गढूळ भिंग सुईने बाजूला ढकलण्याची पद्धत आहे. अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये सुश्रुताच्या ग्रंथाचं अरबीत भाषांतर झालं. त्याच बगदादमध्ये डोळ्यांवर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिणारे हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होते आणि खलिफाच्या दरबारात त्यांचा मान होता. पुढे साधारण इ. स. १०००च्या सुमारास अम्मार बिन अली अल-मौसिली यांनी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत लिहून ठेवली. आपल्या जलशांत मुस्लीम शास्त्रज्ञांची यादी वाचली जाते, त्यात हुनैनचं नाव बऱ्याचदा गाळलं जातं. ते गाळू नये असं आम्हाला वाटतं. खलिफाने वैद्य निवडताना त्याचा हात बघितला, मजहब नाही.

आता आपल्या राज्याकडे येऊ. मुंबईत भायखळ्याचं सर जे. जे. रुग्णालय १८४५मध्ये सुरू झालं ते जमशेटजी जीजीभॉय या पारशी व्यापाऱ्याच्या दानातून. त्याच आवारातलं डोळ्यांचं रुग्णालय सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचं, तेही पारशी. दवाखान्याभोवतीची वस्ती म्हणजे नागपाडा, भेंडीबाजार, म्हणजे मुसलमानांची दाट वस्ती. आणि तिथल्या नेत्र विभागाला अलीकडच्या काळात देशभर नाव मिळवून दिलं ते मराठवाड्याच्याच माणसाने. डॉ. तात्याराव लहाने हे लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे. औरंगाबादला शिकले. १९९५मध्ये त्यांच्या आईने, अंजनाबाईंनी, त्यांना मूत्रपिंड दिलं, त्यावर ते उभे राहिले आणि एक लाखाहून जास्त मोतीबिंदूंची ऑपरेशनं त्यांनी केली. आनंदवनात कुष्ठरोग्यांचे डोळे तपासायला ते वर्षानुवर्षं जात राहिले. २००८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पारशाचं दान, लातूरच्या शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर, आणि बाकड्यावर बसलेले पेशंट भेंडीबाजारपासून गडचिरोलीपर्यंतचे. सरकारी दवाखान्याबद्दल आपण तक्रारी खूप करतो, पण हेही सरकारी दवाखान्यातच घडलं.

याच मुंबईत परळला, जेरबाई वाडिया रोडवर, आणखी एक दवाखाना आहे, आणि आमच्या बऱ्याच वाचकांना तो माहीत नसेल. खान बहादूर हाजी बचुअली धर्मादाय नेत्र आणि कान-नाक-घसा रुग्णालय. नाव मुसलमान हाजींचं, रस्ता पारशी बाईंच्या नावाचा, आणि भाग गिरणगावाचा. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांची ही वस्ती, बहुतेक मराठी हिंदू. सुताच्या तुसात आणि मशिनच्या उजेडात काम करणाऱ्यांसाठी डोळ्यांचा धर्मादाय दवाखाना उघडावा, तोही मोहम्मद अली रोडवर न उघडता परळमध्ये, ही जागेची निवडच बोलकी आहे. हाजीसाहेबांनी आपल्या मोहल्ल्यापुरता विचार केला असता तर दवाखाना दुसरीकडे झाला असता. गिरण्या बंद पडल्या, चाळींचे टॉवर झाले, पण तो दवाखाना त्याच रस्त्यावर आहे.

मराठवाड्यात जालन्याशिवाय उदगीरचं उदयगिरी लायन्स धर्मादाय नेत्र रुग्णालय आहे, लातूर-नांदेडकडच्या लोकांना ते जवळ पडतं. पाथरीकरांना मात्र परभणीचं जिल्हा रुग्णालय आणि जालना हेच सोयीचं. रेल्वेने जायचं तर मानवत रोडला गाडी धरायची, सेलू, परतूर करत जालना. रस्त्याने शंभरेक किलोमीटर.

हे दवाखाने फुकट किंवा थोड्या पैशात ऑपरेशन कसं करतात? याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर तमिळनाडूतल्या मदुराईत मिळतं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. १९७६मध्ये त्यांनी ११ खाटांचा दवाखाना सुरू केला, तोच आजचा अरविंद नेत्र रुग्णालयाचा मोठा पसारा. हिशेब साधा होता. ज्यांना परवडतं ते पूर्ण पैसे देतात, त्यातून ज्यांना परवडत नाही त्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टर तेच, ऑपरेशन तेच, फरक खोलीचा आणि पंख्याचा. एकच डॉक्टर एका पाठोपाठ एक ऑपरेशनं करतो, तयारी दुसरी माणसं करतात, त्यामुळे खर्च खाली येतो. मग आडवा आला तो भिंगाचा खर्च. डोळ्यात बसवायचं भिंग लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी १९४९मध्ये पहिल्यांदा बसवलं, पण पुढची चार दशकं ते आपल्याकडच्या गरिबाच्या आवाक्याबाहेर होतं. परदेशी भिंग शंभर डॉलरच्या वर पडायचं. १९९२मध्ये अरविंदने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि तेच भिंग दहाएक डॉलरवर आणलं.

ज्यांचं वय पन्नासच्या वर आहे त्यांना आठवत असेल, पूर्वी मोतीबिंदू काढलेल्या आजोबांच्या नाकावर बशीसारख्या जाड काचेचा चष्मा असायचा. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. डोळ्यात भिंग बसायला लागल्यापासून तो चष्मा गेला. भिंगाबद्दल एक शंका मोहल्ल्यात अधूनमधून निघते म्हणून सांगतो. हे भिंग ॲक्रिलिकसारख्या पदार्थाचं असतं, त्यात जनावराचं काही नसतं. आणि अशा धर्मादाय दवाखान्यांत जेवण बहुधा शाकाहारीच मिळतं, त्यामुळे हलालचा प्रश्नही उरत नाही.

पूर्वीची शिबिरं वेगळी असायची. शाळेच्या वर्गात, धर्मशाळेत, मांडवात ऑपरेशनं व्हायची. कर्नाटकच्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी गावोगाव फिरून अशी ऑपरेशनं करायचे, एका दिवसात ८३३ ऑपरेशनं केल्याची त्यांच्या नावावर नोंद आहे. तेव्हा ती गरज होती. पण मांडवातल्या ऑपरेशनला जंतूंचा धोका फार. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे २०१४च्या एका शिबिरानंतर कितीतरी जणांची नजर कायमची गेली, तेव्हा देशभर ओरड झाली. म्हणून आता पद्धत अशी आहे की गावात फक्त तपासणी करायची आणि ऑपरेशन पक्क्या दवाखान्याच्या थिएटरमध्ये. पाथरीत कोणी शिबिर भरवणार असेल, मग ती मस्जिद कमिटी असो की गणेश मंडळ की एखादा नेता, तर त्याला विचारायचं: ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात होणार, पेशंटला परत कोण आणून सोडणार, आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने डोळा कोण बघणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर त्या शिबिराला नमस्कार करावा. फलकावर कोणाचे फोटो आहेत याने डोळा सुधारत नाही.

आणि फलकावरूनच आठवलं. शिबिर सर्वांसाठी आहे असं नुसतं लिहून भागत नाही. शादीखान्यात शिबिर भरलं, नोंदणीच्या टेबलावर सगळे आपलेच, जाहीर झालं ते जुम्याच्या नमाजनंतर, तर भीमनगरची बाई कशी येणार? देवळाच्या सभामंडपात भरलं आणि टेबलावर सगळे गंध लावलेले, तर बुरख्यातली बाई दारातूनच वळते. मनात कोणाच्या काही नसतं, तरी दरवाजा अर्धा बंद होतो. शाळा, पंचायत समितीचं आवार, ग्रामीण रुग्णालय, ही जागा सगळ्यांना आपली वाटते. टेबलावर दोन्हीकडची पोरं बसवावीत, त्यातली एक तरी मुलगी असावी. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याच्या फेब्रुवारीतल्या उरुसात सगळ्या जातीधर्माचे लोक येतात. तिथे चार दिवस नजर तपासायचं टेबल लावलं तर जाहिरातीचीही गरज पडणार नाही.

बायकांचा प्रश्न वर आकड्यात आलाच. घरात दोन म्हातारी माणसं असतील तर आधी अब्बांचं ऑपरेशन होतं, अम्मी "मला काय बघायचंय आता" म्हणून मागे राहते. तिला जालन्याला न्यायचं तर सोबत कोणीतरी दोन दिवस मजुरी बुडवून जायला हवं. सुनेला लहान मुलं, मुलगा कामावर. इथे मोहल्ल्याने मिळून काही करता येतं. चार-पाच बायकांची एक गाडी करावी, सोबत दोन जाणत्या बायका द्याव्यात. त्या गाडीत शेजारच्या गल्लीतल्या सखुबाई-गयाबाई बसल्या तर गाडीचं भाडंही वाटून जातं. पर्द्याबद्दल एवढंच की इलाजासाठी चेहरा आणि डोळा डॉक्टरला दाखवायला शरीअतमध्ये मुभा आहे, हे कुठलाही आलिम सांगेल.

नमाजची काळजी मात्र खरी आहे आणि तिच्यापायी ऑपरेशन टाळणारे बुजुर्ग आम्ही बघतो. "सजदा करता येणार नाही, वुजूचं पाणी डोळ्यात जाईल, त्यापेक्षा नको." यावर उलेमांनी सवलत सांगितलेली आहे. डॉक्टर सांगतील तितके दिवस बसून, इशाऱ्याने नमाज अदा होते. वुजूत डोळ्याला पाणी लावणं नुकसानीचं असेल तर त्या जागेवर ओला हात फिरवायचा, तेही चालत नसेल तर ती जागा सोडायची. रोज्यात डोळ्यात औषधाचे थेंब टाकल्याने, हनफी मसलकप्रमाणे, रोजा तुटत नाही. आपल्या इमामसाहेबांना विचारून खात्री करून घ्या, आणि इमामसाहेबांनी हे एकदा खुतब्यात सांगितलं तर पाच-दहा ऑपरेशनं तिथेच मार्गी लागतील. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात सुरमा घालायचा नाही. बाजारातल्या सुरम्यात बऱ्याचदा शिसं असतं, तेव्हा लहान मुलांच्या डोळ्यातही तो न घातलेला बरा.

मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू, हा सल्ला आता जुना झाला. पूर्वीच्या पद्धतीत ते लागायचं. आता कामात अडचण येऊ लागली की काढायचं. जास्त पिकला तर तो कडक होतो, डोळ्याचा दाब वाढतो आणि मग डॉक्टरच्याही हातात फारसं राहत नाही. थंडीतच ऑपरेशन करावं हाही तसाच जुना समज आहे. काचबिंदू हे वेगळं दुखणं, त्यात गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. शुगर असेल त्यांनी नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासावा.

आपल्या भागाचं खास दुखणं म्हणजे बुबुळावरची जखम. उसाचं पाचट, कापसाची पळाटी, तुरीचं खुंट, मळणीचा भुसा, यातलं काहीतरी डोळ्याला लागतं. माणूस चोळतो, पाण्याने धुतो, कोणी मध घालतं, कोणी बाळंतिणीचं दूध, कोणी एरंडेल. दोन दिवसांनी मेडिकलवरून कुठलेतरी थेंब आणले जातात. त्यात स्टेरॉईड असलं तर आगीत तेल, कारण शेतातल्या कचऱ्याने झालेल्या जखमेत बऱ्याचदा बुरशी असते आणि स्टेरॉईडने ती फोफावते. मग डोळ्यात 'फूल' पडतं आणि ते फूल मोतीबिंदूसारखं काढता येत नाही. म्हणून शेतात डोळ्याला लागलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डोळ्याच्या डॉक्टरकडे. ऊसतोड मजुरांत आणि कापूस वेचणाऱ्या बायकांत आपलेही लोक आहेत आणि सगळ्या समाजांचे आहेत. कामासाठी साधा गॉगल शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, आणि मुकादमाने तो दिला तर त्याचं काही बिघडत नाही.

फूल पडलेल्या डोळ्याला एकच उपाय, दुसऱ्या माणसाचं बुबुळ. इथे आपण अवघड जागी येतो. मृत्यूनंतर नेत्रदान जायज आहे का, यावर उलेमांत एकमत नाही. सौदी अरबच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने १९७०च्या दशकातच मृताच्या बुबुळाच्या रोपणाला गरजेपोटी परवानगी दिली, आणि जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८मध्ये अटींसह अवयव रोपणाला मान्यता दिली. भारतातले देवबंदचे उलेमा मात्र मृत्यूनंतरच्या दानाला मनाई सांगत आले आहेत. आम्ही फतवा देणारे कोणी नाही. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी नेत्रदानाची संस्था उभी केली, आणि तिथल्या दात्यांची, मुख्यतः बौद्धांची, हजारो बुबुळं पाकिस्तानात गेली. तिथे ती मुसलमानांच्या डोळ्यांत बसली आणि कोणी परत केली नाहीत. घेताना जायज आणि देताना प्रश्न, या विसंगतीवर आपल्याकडे उघड चर्चा व्हायला हवी. ज्यांना दान करायचं आहे त्यांच्यासाठी माहिती अशी: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, पंधरा-वीस मिनिटं लागतात, चेहरा विद्रूप होत नाही, त्यामुळे गुस्ल आणि दफनाला उशीर होत नाही. चष्मा असलेला किंवा मोतीबिंदू काढलेला माणूसही देऊ शकतो.

बाहेरचं एक उदाहरण इथे दिल्याशिवाय राहवत नाही. जेरुसलेममध्ये सेंट जॉन नावाचं डोळ्यांचं रुग्णालय उस्मानी राजवटीत, १८८२मध्ये, इंग्रज ख्रिस्ती संस्थेने उघडलं. १९६०पासून ते शेख जर्राह वस्तीत आहे. राजवटी बदलल्या, युद्धं झाली, नाके उभे राहिले, तरी वेस्ट बँक आणि गाझाच्या फलस्तीनी लोकांना डोळ्यांचा इलाज देण्याचं काम हेच रुग्णालय करत आलं. क्रूसाच्या चिन्हाखाली मुसलमान आयांनी मुलांचे डोळे दाखवले. तिथल्या नाक्यांच्या तुलनेत मानवत रोड ते जालना हा प्रवास काहीच नाही, आणि तरी आपल्याकडची माणसं घरात आंधळी बसून राहतात.

आता पैशाचं. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६पासून लागू आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. यात जातधर्म विचारला जात नाही. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार सोबत ठेवा. खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते. सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६पासून आहे, त्याखाली जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासह मोफत होतं. जाण्याआधी शुगर आणि बीपी तपासून आटोक्यात आणा, नाहीतर तिथून परत पाठवतात आणि भाडं वाया जातं.

आणि आपला पैसा. रमजानमध्ये आपल्या तालुक्यातूनही जकात निघते. बहुतांश उलेमांच्या मते जकात मुस्लीम गरजूंसाठी आहे, आणि हनफी मसलकात ती गरजूच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून जकातीच्या पैशातून थेट मशीन घेता येत नाही की डॉक्टरचा पगार देता येत नाही. गरजू पेशंटच्या हातात रक्कम देऊन त्याने दवाखान्याचं बिल भरलं तर चालतं. पण नफली सदका, लिल्लाह, इमदाद यांना ही अट नाही. तो पैसा कोणत्याही माणसाच्या इलाजाला लावता येतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. म्हणजे डोळ्यांसाठी फंड काढायचा तर दोन वेगळ्या वह्या ठेवायच्या. जकातीच्या वहीतून आपल्या गरिबांचं बिल, आणि लिल्लाहच्या वहीतून गाडीभाडं, चष्मे, तपासणीचं टेबल, आणि दारात येईल त्याचं ऑपरेशन. हिशेब मस्जिदीच्या फलकावर लावायचा. जकात फक्त आपल्यासाठी म्हणून सगळंच फक्त आपल्यासाठी, असा गोंधळ बऱ्याच कमिट्यांत होतो. हाजी बचुअली त्या गोंधळात पडले असते तर परळच्या कामगारांना डोळ्यांसाठी दुसरं दार शोधावं लागलं असतं.

कोणी यंदा हे मनावर घेणार असेल तर तारखेचा विचार आधी करा. बहुतेक शिबिरं दिवाळीनंतरच्या थंडीत लागतात, आणि नेमके तेव्हाच ऊसतोडीचे लोक कारखान्यावर गेलेले असतात. त्यांच्या घरी तेव्हा फक्त म्हातारी माणसं आणि पोरं असतात, म्हातारीला दवाखान्यात न्यायला कोणी नसतं. पाडव्यानंतर मजूर परततात. त्या दोन महिन्यांत, पेरणीच्या आधी, तपासणी ठेवली तर पेशंटही सापडतो आणि त्याला घेऊन जाणाराही. त्या दिवसांत रमजान येत नाही ना, हे कॅलेंडरवर बघून घ्या, आणि आंबेडकर जयंतीचा आठवडाही सोडा, नाहीतर अर्धी वस्ती मिरवणुकीत असेल.